काउंटर आत घ्यायला सांगा

वाचकाचं पत्र:

"आम्ही नागपुरात, धरमपेठेत राहतो. माझ्या यजमानांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. आता ते वॉकर धरून चालतात आणि डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं आहे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर नाश्त्याचं दुकान आहे. तर्री पोहे, आलुबोंडा, समोसा. चव चांगली आहे, त्यामुळे नाव झालं आणि सकाळी साडेसात ते साडेदहा फुटपाथ दिसेनासा झाला. मालकानं भट्टी आणि काउंटर दोन्ही शटरच्या बाहेर मांडलेत. प्लेट हातात घेऊन माणसं तिथंच उभी राहून खातात, पार्सलवाले आणि डिलिव्हरीची मुलं वेगळीच. वॉकर निघायला जागा नसते, म्हणून आम्हाला रस्त्यावर उतरावं लागतं. मागच्या महिन्यात एका मोटारसायकलचा आरसा यजमानांच्या कोपराला लागला. त्या दिवशी मी 112 ला फोन केला. दोन शिपाई आले, काठी आपटली, शिव्या दिल्या, पोट्टे पांगले. दहा मिनिटांत सगळे परत. चार दिवसांनी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली, तेव्हा काउंटर थोडा वेळ आत गेला आणि गाडी गेल्यावर बाहेर आला. पण कोपऱ्यावर बसणाऱ्या फुलवालीची टोपली आणि छत्री ते घेऊन गेले. त्या बाईशी माझं काहीच भांडण नव्हतं. दुकानदार मला काकू म्हणतो, त्याची आई आणि मी एकाच भिशीत आहोत. ती आता माझ्याशी बोलत नाही. शेजारी म्हणतात, कुणाच्या पोटावर पाय देऊ नका. मी पुन्हा तक्रार करू की गप्प बसू? करायची तर नाव देऊन करू का?"

ताई,

पुन्हा तक्रार करा, आणि नाव देऊन करा. मात्र या वेळी मागणी बदला. मागच्या वेळी तुम्ही गर्दी हटवायला सांगितलंत, पोलिसांनी ती हटवली आणि ती परत आली. त्यात तुमचं काही चुकलं नाही. कोपराला आरसा लागल्यावर कुणीही हेच केलं असतं. आता मात्र तो काउंटर शटरच्या आत जावा एवढीच मागणी धरा. बाकीचं बरंचसं त्यातून आपोआप सुटेल.

गर्दी दहा मिनिटांत का परतते, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. समजा सकाळच्या घाईत मिनिटाला तीन गिऱ्हाइकं येतात आणि पैसे देऊन, पोहे घेऊन, खाऊन निघेपर्यंत प्रत्येकाला दहा मिनिटं लागतात. तर कुठल्याही क्षणी तिथं तीस माणसं उभी असणारच. येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, इतका साधा हिशोब आहे, आणि जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकानं 1961 साली तो गणितानं सिद्धही केला. शिपायानं तीस माणसं पांगवली तरी पुढच्या दहा मिनिटांत नवी तीस येतात, कारण वेगही तोच आणि वेळही तोच. थांबण्याचा वेळ दहाचा चार मिनिटांवर आला, तर तेवढाच धंदा होऊन फुटपाथवर बाराच माणसं उरतात. हा वेळ कमी करणं पोलिसाच्या हातात नाही. ते फक्त दुकानदार करू शकतो.

काठी आपटून पळवलेली ती मुलं गुन्हेगार नव्हती. अर्ध्या तासात ड्युटीवर पोचायचं म्हणून उभ्या उभ्या पोहे खाणारी माणसं ती. फुटपाथ मोकळा ठेवणं हे पोलिसांचं कामच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 67 मध्ये रस्त्यावरचा अडथळा होऊ न देणं हे पोलिसाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे आणि कलम 68 प्रमाणे पोलिसानं दिलेली वाजवी सूचना पाळायला सगळे बांधील आहेत. म्हणजे तुम्ही 112 ला फोन केलात तो योग्यच होता, आणि "भाऊ, भिंतीला लागून एका ओळीत उभे राहा" असं शिपायानं म्हटलं तर प्रत्येकानं ते ऐकलं पाहिजे. पण जमाव बळानं पांगवण्याची तरतूद, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 148, बेकायदेशीर जमावासाठी किंवा शांतता भंग होईल अशा जमावासाठी आहे. नाश्त्याला थांबलेल्या माणसांवर शिव्या आणि काठी कशाला? त्या पद्धतीनं तुमचा प्रश्न सुटत नाहीच, वर अख्ख्या गल्लीत तुम्ही वाईट ठरता. पुढच्या वेळी पोलीस आले तर खाली उतरा आणि त्यांना काउंटरपाशी न्या. मालकाशी बोला म्हणावं.

मग जबाबदार कोण? इथं कायदा बराच स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 285 सांगतं की जो माणूस आपल्या कृतीनं, किंवा आपल्या ताब्यातल्या वस्तूंची नीट व्यवस्था न ठेवल्यानं, सार्वजनिक रस्त्यावर कुणाला अडथळा, धोका किंवा इजा करतो, त्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दंड संहितेत हाच दंड दोनशे रुपये होता. 1 जुलै 2024 पासून नवा आकडा लागू आहे. भट्टी आणि काउंटर मालकाच्या ताब्यातले, ते मांडले फुटपाथवर, आणि तुमचे यजमान रस्त्यावर उतरले ते त्यामुळेच. शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 230 प्रमाणे रस्त्यावर वस्तू मांडून ठेवायला मनाई आहे आणि कलम 231 प्रमाणे आयुक्त अशा वस्तू उचलून नेऊ शकतात.

दुकानदार म्हणेल, "काकू, भट्टी ठीक आहे, पण लोकं येतात त्याला मी काय करू?" हा प्रश्न खोटा नाही, आणि तो जुनाही आहे. इंग्लंडच्या कोर्टांनी तो शंभर वर्षांपूर्वीपासून तपासला आहे. 1914 साली लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहाची तिकिटाची रांग शेजारच्या दुकानाचं दार अडवत होती, तेव्हा नाट्यगृहाला जबाबदार धरलं गेलं. 1946 च्या एका खटल्यात भाजीवाल्यापुढं बटाट्याची रांग लागायची. तो मात्र सुटला, कारण तो नेहमीसारखाच दुकान चालवत होता आणि रांग लागली होती ती टंचाईमुळं. पुढच्याच वर्षी एका दुकानदारानं रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडकीतून आइस्क्रीम विकलं आणि समोर गर्दी जमली, तर तो दोषी ठरला. विकण्याची रीतच अशी होती की गर्दी फुटपाथवर जमणार, हे तिथं निर्णायक ठरलं. हे निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण सार्वजनिक उपद्रवाचा आपला कायदा त्याच मुळातून आला आहे आणि यातला फरक कुणालाही पटण्यासारखा आहे. तुमच्या खालच्या दुकानातली माणसं फुटपाथवर उभी आहेत, कारण पोहे मिळतात तेच फुटपाथवर.

आता फुलवालीबद्दल. तुमच्या पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, आणि तुम्हालाही ती खुपते आहे हे दिसतं. गाडी आली की ज्याला शटर आहे तो सामान आत ओढतो. जिला शटर नाही तिची टोपली जाते. नागपुरातच नव्हे, सगळीकडे असंच घडतं, आणि तक्रार करणाऱ्यानं हे लक्षात ठेवूनच तक्रार लिहिली पाहिजे. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. त्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती अशी सगळी रचना आहे, आणि त्या समितीत किमान चाळीस टक्के सभासद स्वतः विक्रेते असावे लागतात. हटवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करावा लागतो. फुलं तर केव्हाच सुकून गेली असतील. पण छत्री आणि टोपली परत मिळू शकते.

म्हणून दुकानदाराकडे जायच्या आधी तिच्याकडे जा. तिला सांगा की तक्रार तुमच्याविरुद्ध नव्हती. प्रमाणपत्र किंवा सर्वेक्षणाची पावती आहे का विचारा, जप्तीचा कागद दिला का विचारा, आणि जमलं तर तिच्यासोबत धरमपेठ झोनच्या कार्यालयात जा. तुम्ही सोबत असलात तर तिचं ऐकून घेतलं जाण्याची शक्यता नक्की वाढते. ती बसते त्या कोपऱ्यावरून वॉकर निघतो का तेही पाहून घ्या. निघत असेल तर तुमच्या पुढच्या अर्जात स्पष्ट लिहा की कोपऱ्यावरच्या फूलविक्रेतीमुळे आम्हाला अडथळा नाही. हे एक वाक्य तिच्या फार उपयोगी पडेल.

शेजारी "पोटावर पाय" म्हणतात, त्यांना याच गोष्टीची आठवण करून द्या. पोटावर पाय पडला तो तिच्या. दुकानदाराचा एक पोहासुद्धा कमी विकला गेला नाही, आणि काउंटर आत घेतल्यानंही त्याचा धंदा बुडणार नाही.

यानंतर मोजमाप. घरात शिवणाची टेप असेल ती घ्या आणि दुपारी, गर्दी नसताना, फुटपाथ मोजा. भारतीय रोड काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चालायला किमान 1.8 मीटर, म्हणजे साधारण सहा फूट, मोकळी जागा लागते. समजा तुमचा फुटपाथ आठ फुटांचा आहे. भिंतीला लागून एकेरी ओळ उभी राहिली तर ती दोन फूट घेते. उरतात सहा. म्हणजे काउंटर आत गेला आणि ओळ भिंतीला लागली, तर पोहेही विकले जातात आणि वॉकरही निघतो. पण काउंटर बाहेर असेल तर तोच तीन फूट खातो, समोर माणसं उभी राहतात आणि काही उरत नाही. गट्टू उखडलेत का, विजेचा खांब मधेच आहे का, दुकानातल्या मुलांच्या गाड्या कुठं लावतात, हेही त्याच कागदावर लिहा. सकाळी आठ, नऊ आणि दहाला गॅलरीतून एकेक फोटो काढा. वरून काढलेल्या फोटोत जागा नीट दिसते आणि कुणाचा चेहरा येत नाही.

हे हातात घेऊन दुकानदाराला भेटा. दुपारी तीनच्या सुमारास जा. त्या वेळी भट्टी थंड असते आणि मालक उधारीच्या वहीत डोकं घालून बसलेला असतो. सकाळी गिऱ्हाइकांसमोर काही बोलू नका, त्याला मान सोडवत नाही आणि मग तो ऐकत नाही. त्याच्या आईलाही तिथंच बोलवा. भिशीतला अबोला असाच संपेल, निरोपानिरोपीनं नाही. "बेटा, तुझे पोहे बंद व्हावे असं मला वाटत नाही. काकांना घरातून निघता यावं एवढंच पाहिजे," असं म्हणा आणि टेप दाखवा.

मग नेमकं मागा. भट्टी आणि काउंटर शटरच्या आत. पैसे आधी घेऊन टोकन द्यायचं, म्हणजे एकाच माणसानं पैसे मोजणं, पोहे वाढणं, वर तर्री ओतणं आणि सुटे शोधणं हे होत नाही. थांबण्याचा बहुतेक वेळ तिथंच जातो. पार्सल आणि डिलिव्हरीची खिडकी वेगळी, जमल्यास इमारतीच्या बाजूच्या गल्लीतून. सकाळच्या तीन तासांसाठी एक मुलगा बाहेर उभा राहील, ओळ भिंतीला ठेवील आणि वॉकर, व्हीलचेअर किंवा बाबागाडी दिसली की वाट करील. शेजारचं दुकान सकाळी बंद असेल तर त्याच्या शटरपुढून ओळ वळवायला त्या दुकानदाराची परवानगी घ्यावी. खाणाऱ्यांसाठी आत एक उभं टेबल. यातलं काहीच महागडं नाही. पंधरा दिवसांची मुदत द्या आणि तारीख ठरवून उठा.

लोकं ऐकत नाहीत, असं तो म्हणेल. नागपूरच्या माणसाला तरी हे कुणी सांगू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, लेकरं, म्हातारी माणसं, गाठोडी घेऊन. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक वाट दाखवतात आणि लोक ओळीनं पुढं सरकत राहतात. दोरी कुठं आहे हे दिसलं आणि सांगणाऱ्यानं आदरानं सांगितलं की माणसं ऐकतात. पोह्यांच्या दुकानापुढच्या तीस जणांना एक मुलगा सहज सांभाळू शकतो.

पंधरा दिवसांत काही हललं नाही, तर अर्ज करा. झोनच्या सहायक आयुक्तांना, प्रत आपल्या पोलीस ठाण्याला आणि वाहतूक शाखेला. मनपाचं उपद्रव शोध पथकही आहे, त्यात बरेच माजी सैनिक काम करतात. त्यांनाही प्रत द्या. अर्ज लांब नको. असा लिहा: "अमुक इमारतीच्या तळमजल्यावरील दुकानाची भट्टी व काउंटर रोज सकाळी 7.30 ते 10.30 या वेळेत फुटपाथवर मांडलेले असतात. त्यामुळे चालण्यासाठी अमुक फूट जागा उरते. माझे पती वॉकरने चालतात व त्यांना वाहत्या रस्त्यावर उतरावे लागते. अमुक तारखेला त्यांना वाहनाचा धक्का लागला. भट्टी व काउंटर दुकानाच्या हद्दीत घेण्यास सांगून सकाळच्या वेळेत किमान सहा फूट वाट मोकळी ठेवून घ्यावी, तसेच याची पुन्हा पाहणी करावी, ही विनंती. ग्राहकांविरुद्ध किंवा कोपऱ्यावरील फूलविक्रेतीविरुद्ध माझी तक्रार नाही." फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

अर्जात पुन्हा पाहणीची मागणी ठेवायचीच. गाडी एकदा येऊन गेली की काउंटर बाहेर येतो, हे तुम्ही पाहिलंच आहे. पथकानं आठवडाभर रोज सकाळी नुसती फेरी मारली तरी त्याचा परिणाम एका जप्तीपेक्षा जास्त टिकतो.

त्याच अर्जात आणखी एक ओळ घाला. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पादचाऱ्यांना वापरता येण्याजोगा, अडथळा नसलेला फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या हक्काचा भाग आहे, आणि दिव्यांग व्यक्तींनाही तो वापरता आला पाहिजे. तुमचे यजमान कुणाकडे मेहेरबानी मागत नाहीत हे त्यातून कळेल. एवढ्यानंही झालं नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. सार्वजनिक जागेतला बेकायदा अडथळा काढण्याचा सशर्त आदेश तो देऊ शकतो. तिथं जायचं तर वकील सोबत घ्या. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही.

नावाचं विचारलंत. निनावी अर्ज बहुतेकदा बाजूला पडतो, आणि पडला नाही तरी दुकानदाराला कळतंच की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी केला. मग तो लपून केला असं होतं. तुम्ही आधी त्याला सांगून, मुदत देऊन, मग सही केली तर त्याच्या आईलाही तुमच्याविरुद्ध बोलायला फारसं राहत नाही. ती तरीही रुसली, तर रुसू द्या. भिशी पुढच्या महिन्यातही आहे. यजमानांचं चालणं मात्र आजच व्हायला हवं. झटक्यानंतर चालणं सुटलं तर पाय पुन्हा आखडतात, आणि काउंटर आत जाईपर्यंत थांबायला तुमच्याकडे वेळ नाही.

तोपर्यंत साडेसातच्या आधी निघा. उन्हाळ्यात नाहीतरी नागपुरात त्यानंतर चालवत नाही. परतीला गर्दी लागलीच तर एकटे रस्त्यावर उतरू नका. तुम्ही किंवा इमारतीतलं कुणी वाहनांच्या बाजूनं चाला, यजमान आतल्या बाजूला. आणि दुकानातल्या एखाद्या मुलाला उद्यापासूनच सांगून ठेवा की वॉकर दिसला की भट्टीपुढची माणसं बाजूला करायची. मालकाशी बोलणी होईपर्यंत एवढं तो नक्की करील. विचारून पाहा.